लिहिलं ते लिहिलं

माझं घोषवाक्य मतदानात पडलं. निवडणुकीत पडलेल्या माणसाला निदान मशीनवर, जातीवर, झालंच तर मेहुण्यावर खापर फोडता येतं. माझ्या निवडणुकीत मत मोजावं असा माणूस एकच होता, आणि तो माझ्या भाच्याचा मित्र.

पोरगं इथलंच, लातूरचं. बारावी इथं घासली, मग पुणे, मग बंगळूर, आणि आता 'फाउंडर'. सोयाबीनच्या गोदाम पावत्या ब्लॉकचेनवर, म्हणजे एका सामायिक डिजिटल हिशोबवहीत, ठेवणारं नेटवर्क काढतंय. "काका, एक कडक टॅगलाइन पाहिजे. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम." हे पाच मिनिटांचं काम ऐकलं की माझं टाळकं सटकतं. नळ दुरुस्त करणाऱ्याला असं म्हणून दाखवावं कुणी. मला सगळे म्हणतात.

माझा धंदा जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचा. लातुरात या धंद्याला गिऱ्हाईक दोन: वाढदिवस आणि क्लासेस. वाढदिवसाचं सोपं असतं, ज्याचा वाढदिवस तो भावी काहीतरी असतो. क्लासवाल्यांचं अवघड. एकाच टॉपरचा फोटो दोन क्लासच्या फ्लेक्सवर, दोन्हीकडं खाली 'आमचाच विद्यार्थी', आणि दोन्ही मजकूर माझेच. पुढं ब्लॉकचेनबद्दल वाचायला घेतलं तेव्हा 'डबल स्पेंडिंग' ही काय भानगड आहे, म्हणजे एकच नाणं दोन ठिकाणी खर्च करणं, ते मला या फ्लेक्समुळं झटक्यात समजलं. बिटकॉइननं ती अडचण सोडवली म्हणतात. आमच्या चौकातली अजून तशीच आहे.

वाचलं मात्र मी मन लावून. सातोशी नाकामोतो या नावानं कुणीतरी 31 ऑक्टोबर 2008 ला बिटकॉइन या डिजिटल नाण्याची कल्पना मांडणारा नऊ पानांचा निबंध जगापुढं ठेवला. त्यात घोषवाक्य नाही. ती मागाहून लोकांच्या तोंडी बसली. त्यातलं एक 'नॉट युअर कीज, नॉट युअर कॉइन्स': किल्ली तुमच्याकडं नसेल तर नाणंही तुमचं नाही. 2014 मध्ये माउंट गॉक्स हा बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीचा बाजार बुडाला तेव्हा ज्यांचे पैसे त्यात अडकले, त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. दुसरं 'कोड इज लॉ', म्हणजे प्रोग्राम म्हणेल तोच कायदा. ऐकायला झकास. पण 2016 च्या जूनमध्ये इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवरच्या 'द डाओ' नावाच्या फंडातून कुणीतरी प्रोग्राममधल्याच फटीतून सुमारे 36 लाख इथर, म्हणजे तिथली नाणी, काढून नेले, आणि जुलैमध्ये बहुतेकांनी मिळून हिशोबच मागं फिरवला. ज्यांना पटलं नाही ते जुनी साखळी घेऊन वेगळे निघाले, ते इथेरियम क्लासिक. घोषवाक्यावरून झालेली ही भाऊबंदकी वाचून मला त्या क्षेत्राबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

बैठक मार्केट यार्डात एका आडत दुकानावर होती, कारण 'पायलट', म्हणजे पहिली चाचणी, तिथंच होणार होता. पोरगं उशिरा येणार होतं. गादीवर मुनीम, समोर लाल बांधणीची वही, कानावर पेन. मी कागदावर शब्द मांडत आणि खोडत बसलो. त्यांनी काही वेळ दम धरला.

"काय लिहूलालाव सर?"

मी सांगितलं. हिशोबाची एक वही. तिची नक्कल नेटवर्कमधल्या प्रत्येकाकडं. नवीन पान लागलं की त्यावर आधीच्या पानाची खूण असते, त्यामुळं मधल्या पानावर एक आकडा बदलला तरी पुढच्या सगळ्या पानांच्या खुणा चुकतात आणि चोरी उघडी पडते.

मुनीमांनी चष्मा काढला. "म्हंजे वही एकच, पन ती समद्यांच्या घरात?"

"हो."

"आन खोडायचं म्हणलं तर?"

"सगळ्यांच्या घरी जाऊन खोडावं लागेल."

"समद्यांच्या कशाला? निम्म्यापेक्षा जास्त फोडले की झालं."

मी गार. याला त्या लोकांत एक्कावन्न टक्क्यांचा हल्ला म्हणतात आणि त्यावर प्रबंध लिहिले जातात. मी तसं सांगितलं, तर मुनीम म्हणाले, "परबंध कशाला, आमच्या पॅनलनं गेल्या टायमाला तेच केलं."

मग म्हणाले, "पहिल्या पानावर काय लिहिलंय त्यांनी? आमी 'श्री' लिहितो. दिवाळीला वहीची पूजा करून."

आता हे मला माहीत होतं. 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकमध्ये नाकामोतोनं त्या दिवशीच्या लंडनच्या 'टाइम्स'मधला मथळा घालून ठेवलाय: अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात.

"देवाचं नाव न्हाई?"

"नाही. बँकांचं."

"मग चालंल," म्हणाले. "आन ओलावा कोन मोजनार?"

"कसला ओलावा?"

"आवो सोयाबीनचा! पावती सोयाबीनची हाय ना? खरेदी केंद्राला बारा टक्के लागतो. मागं 2024 ला बोंबाबोंब झाली तवा पंधरा केला. आता माल हाय अठराचा, आन मीटर धरनाऱ्यानं लिहिलं बारा. तुमची वही काय करंल?"

"बारा लिहून ठेवील."

"आन मग?"

"मग ते बाराच राहील. कायमचं. कुणालाच बदलता येणार नाही."

मुनीमांनी चष्मा परत घातला आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच तो मीटर धरणारा. "म्हंजे खोटं पक्कं करायची मशीन."

हे घोषवाक्य वापरण्यासारखं नव्हतं, पण खरं होतं. बाहेरच्या जगातला आकडा खरा आहे की नाही, हे साखळीला आतून कळत नाही. मोठमोठे अभियंते याच्याशी झटतायत आणि त्याला 'ओरॅकल'चा प्रश्न म्हणतात. मुनीमांना तो पायात चप्पल नसतानाही कळला होता. वर त्यांनीच विचार करून मला एक ओळ दिली. "लिहा सर: वही समद्यांच्या घरात, खोडरबर कुनाकडंच न्हाई."

मला घाम फुटला. इतकी वर्षं मी पैसे घेऊन लिहितोय आणि अशी ओळ मला सुचत नाही. भिंतीवर 'शुभ लाभ' लिहिलेलं होतं. दोन शब्द, तारखेचं बंधन नाही, रकमेचा उल्लेख नाही, आणि एकाही व्यापाऱ्यानं ते बदलायला कुणाला बोलावलं नाही. अशा ठिकाणी माझ्यासारख्यानं काय खावं?

पोरगं आलं. मी दोन्ही ओळी ठेवल्या: मुनीमांची, आणि माझी 'लिहिलं ते लिहिलं'. मुनीमांची वाचून म्हणालं, "क्यूट आहे, पण थोडं रूरल होतंय ना." सोयाबीनच्या पावतीसाठी! माझी वाचून कपाळाला आठ्या. "काका, निगेटिव्ह वाटतं. उद्या एखाद्या इन्व्हेस्टरला एडिट करायचं असलं तर?"

"एडिट करता येत नाही, हेच तर तू विकतोयस ना?"

"हो, पण ते फीलिंग नको यायला."

निर्णय कम्युनिटी घेणार म्हणे. सगळं विकेंद्रित. आमच्या गावच्या सोसायटीत जे होतं ते होतं, पण तिथं कायद्यानं एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. इथं एका टोकनला, म्हणजे त्या नेटवर्कच्या नाण्याला, एक मत, आणि निम्म्याहून जास्त टोकन याच्याच वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात. निवडून काय आलं, तर 'रिइमॅजिनिंग ट्रस्ट, टुगेदर'. ज्या मंडळींनी हे सगळं सुरू केलं त्यांचा मंत्र आहे 'डोन्ट ट्रस्ट, व्हेरिफाय', विश्वास ठेवू नका, तपासून घ्या. त्यांच्याच डोक्यावर यानं विश्वासाची पाटी ठोकली, तीही इंग्रजीत, औसा आणि निलंग्याच्या शेतकऱ्यांसाठी. मला म्हणालं, "काका, हार्ड लक." मुनीमांना त्यानं काहीच म्हटलं नाही.

मानधन टोकनमध्ये. त्यासाठी वॉलेट उघडलं, तर त्या ॲपनं मला बारा इंग्रजी शब्द दिले. 2048 शब्दांची ठरलेली यादी असते, त्यातून यंत्र उचलतं. एका शब्दाचा दुसऱ्याशी संबंध नाही, यमक नाही, अर्थ नाही, आणि ते हरवले तर पैसा गेला, कागदावर लिहून कुलपात ठेवा म्हणे. मी जीव ओतून लिहिलेले तीन शब्द कुणाला फुकटही नकोत, आणि यंत्रानं फेकलेले हे बारा तिजोरीत! वर उद्या ते टोकन विकून फायदा झालाच, तर सरकार 2022 पासून त्यावर तीस टक्के कर घेतं. त्याची मला सध्या चिंता नाही, कारण टोकन हलेचनात.

"त्याला गॅस फी लागते काका, म्हणजे व्यवहाराचं शुल्क," पोरगं म्हणालं. "थोडं इथर विकत घेऊन ठेवा, मग ट्रान्सफर होईल."

"म्हणजे मजुरी घ्यायला मी आधी दुसरं नाणं विकत घ्यायचं?"

"टेक्निकली, हो."

मुनीम ऐकत होते. "आदी हमाली भरा, मग आपलंच पोतं उचला," ते म्हणाले. "बरं, पोत्यात हाय काय?"

ते लिस्टिंग झाल्यावर, म्हणजे टोकन बाजारात विकायला लागल्यावर, कळेल, असं सांगून पोरगं उठलं, चहाचे पैसे काकांच्या नावावर लिहा म्हणालं आणि गाडीत बसलं. मी काही बोलायच्या आत मुनीमांनी वही ओढली.

"तीन लिहूलालोय बरं का सर. त्यानं दोन पिलाय."