कागदी बोट म्हणे!

काल रात्री आम्ही तिघं वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स हा युद्धनौकांचा ऑनलाइन गेम खेळत होतो, मी त्यातली मार्को पोलो ही इटालियन बॅटलशिप घेतली आणि आमच्यातलाच एक व्हॉइस चॅटवर म्हणतो, "अरे ही कागदी बोट कशाला आणतोस, कधी बांधलीच नाही, फेक आहे सगळं." तेव्हा गप्प बसलो, पण सकाळपासून डोकं फिरलंय.

फेक काय रे फेक? माझे बाबा ड्राफ्ट्समन होते. मी चौथीत असताना एका प्रेसच्या फीडरची, म्हणजे मशीनला माल भरवणाऱ्या भागाची, ड्रॉइंग्ज काढत होते, कितीतरी महिने, घरी आणून सुद्धा. ट्रेसिंग पेपरवर रेघ चुकली की ब्लेडच्या कोपऱ्याने शाई हलकेच खरवडायची, मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची रेघ पसरते. ऑर्डर कॅन्सल झाली, फीडर बनलाच नाही. रोल अजून माळ्यावर आहे. तो पण फेक का मग?

मार्को पोलो बघितली की मला तरी इटलीतल्या जिनोआच्या अन्साल्डो या जहाजं बांधणाऱ्या कंपनीचं यूपी ४१ हे बॅटलशिपचं डिझाइन आठवतं. १९३६ चं, ४२ हजार टन, ४०६ मिलिमीटरच्या ९ तोफा, तीन टरेटमध्ये (फिरत्या तोफघरांत) तीन-तीन. आणि गिऱ्हाईक कोण, तर सोव्हिएत रशिया! मुसोलिनीच्या इटलीत बसून कम्युनिस्टांसाठी बॅटलशिप काढत होते लोक, आणि त्याच वर्षी स्पेनमध्ये हे दोघं एकमेकांविरुद्ध उतरले, कमाल आहे की नाही. बोट काही झाली नाही. पण त्यातली पुग्लिएझे या इटालियन इंजिनिअरची आयडिया, म्हणजे पाण्याखाली बाजूच्या टाकीत द्रव भरायचं आणि त्यात पोकळ सिलिंडर ठेवायचा, टॉर्पेडो लागला की सिलिंडर चेपेल, आतली भिंत वाचेल, ती रशियनांनी आपल्या सोव्हिएत्स्की सोयुझ या बॅटलशिपसाठी उचलली. तिची कील (तळाचा कणा) १९३८ ला टाकली आणि ती पण कधी पूर्ण झाली नाही, तो भाग वेगळा.

हां, गेमवाले कागदावरच्या बोटींना आपल्या सोयीने आकडे लावतात, मान्य. गेममधल्याच क्रिस्तोफोरो कोलंबो या दुसऱ्या इटालियन बॅटलशिपला ३८१ मिलिमीटरच्या १६ तोफा, हे मलाही जरा अतीच वाटतं. आणि माझी एसएपीची (अर्ध-चिलखतभेदी गोळ्यांची) साल्वो, म्हणजे एकदम डागलेली फैर, काल डिस्ट्रॉयरच्या चारी बाजूंना पडली, त्याला सोडून, तेही मान्य. पण मग बांधलेल्यांचं तरी काय? व्हित्तोरिओ व्हेनेतो ही इटालियन बॅटलशिप खरीखुरी होती ना, २८ मार्च १९४१ ला तिने ब्रिटिश क्रूझर्सवर नव्वदच्या वर गोळे टाकले, एक धड लागला नाही. तिला कोण फेक म्हणत नाही!

चिडतोय मी, कळतंय मला. तो पोरगा पण वाईट नाहीये, त्याला फक्त जिंकायचं होतं.

पण बाबा ऑर्डर गेली त्या दिवशी घरी आले, जेवले, आणि रोलला दोरी बांधून वर ठेवला, एक शब्द नाही. अन्साल्डोत पण कोणीतरी असंच बसलं असेल ना ब्लेड घेऊन, वाकून, महिनोन्महिने.

आज दुपारी बाबांना लॅपटॉपवर मार्को पोलो दाखवली, गोल फिरवून, वरून खालून. चष्मा पुसून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "साइड व्ह्यू लाव. स्केल काय आहे ह्याचं?"