एकदा वह्या तपासून बघा

वर्गात मुलं किती, याला फारसं महत्त्व नाही, शिक्षक चांगला असला की झालं, असं एका लेखात म्हटलंय. मी सरकारी शाळेत भाषा शिकवते. माझ्या वर्गात ५२ मुलं आहेत. एका निबंधाला पाच मिनिटं धरली तरी २६० मिनिटं, म्हणजे सव्वाचार तासांहून जास्त, आणि तेही एकाच वर्गाचं. मग निबंध मागे पडतो आणि 'रिकाम्या जागा भरा', 'जोड्या लावा' सुरू होतं. ते भराभर तपासून होतं ना! दोन वर्षांनी त्याच मुलांना स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिता येत नाहीत, आणि दर्जा घसरला म्हणून बोलणी आम्हीच खातो. वर नापास कुणाला करायचं नाही, निकाल चांगला दिसला पाहिजे.

अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं, वर्गात मुलं कमी असली तर काय फरक पडतो, याचा मोठा प्रयोग झाला होता. १३ ते १७ मुलांच्या वर्गातली मुलं २२ ते २५ च्या वर्गातल्यांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे गेली. त्यांचा 'मोठा' वर्ग माझ्या वर्गाच्या निम्माही नाही!

त्या लेखकाचं एक मात्र मान्य. कॅलिफोर्नियात १९९६ नंतर घाईघाईने वर्ग लहान केले, तेव्हा पुरेसे प्रशिक्षित शिक्षकच मिळेनात. पण म्हणून ५२ चालतील? शेवटच्या बाकावरची एक मुलगी गेला महिनाभर फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत होती, तिला वाचता येत नाही हे मला परवा कळलं.