एकच गिऱ्हाईक

अमळनेरला आमच्या नानांचं केळीच्या वेफर्सचं दुकान आहे. त्याची वेबसाइट मी सांभाळतो. मोबदला म्हणून दर खेपेला अर्धा किलो, तिखट. दिवाळीत साइट धापा टाकायला लागली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "पाककृतींची पानं दुसऱ्या सर्व्हरवर नेऊ, दारात एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरचा रिव्हर्स प्रॉक्सी बसवू. तासाभराचं काम!"

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे काय, ते नानांना समजावलं: आपली आजी ओट्यावर बसते ना, तसं. कुणी आलं की "कोन शे रे?" विचारते. दुधाचा हिशोब असला तर आत आईला हाक, कापसाचा असला तर बाबांना. उत्तर मात्र स्वतःच्या तोंडानं देते. आत किती माणसं आहेत, याचा बाहेरच्याला पत्ता नाही.

"मंग आजीलेच सांग ना!" नाना म्हणाले. ऐकायला हवं होतं.

मुहूर्त लागला मे महिन्यात. कूलर गरम हवा फेकत होता. पहिल्याच झटक्याला ५०२, म्हणजे आतून धड उत्तर नाही. हे सोपं होतं, दुसरा सर्व्हर सुरूच केला नव्हता. मग भरताच्या पानावर ४०४, म्हणजे पान सापडत नाही. पान जागेवर, नाव बरोबर, तरी ४०४! तीन तासांनी कळलं, प्रॉक्सी-पास, म्हणजे निरोप आत कुठे न्यायचा ते सांगणारी ओळ, तिच्यातल्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची राहिली होती. रेघ दिली की पानाच्या पत्त्यातला 'पाककृती' हा शब्द आजी दारातच काढून ठेवते. नाही दिली तर तो तसाच आत जातो, आणि आतला सर्व्हर म्हणतो, या नावाचं आमच्याकडे कुणी नाही. एका रेघेपायी माझी शेवभाजी गार झाली. खानदेशात यापेक्षा मोठा अपराध नसावा.

साइट चालली. मी झोपलो.

नाना रोज सकाळी चहाबरोबर आल्यागेल्यांची नोंद बघतात. आठवड्याभरानं त्यांचा फोन आला, "एकच मानूस दिनभर वेफर देखस, मंग घेस काबर नही?"

आलेला प्रत्येक जण एकाच आयपी पत्त्यावरून! निरोप आजी नेते, म्हणून आतल्यांना वाटतं की आजीच आली. आलेल्याचं नाव आत कळवायला एक्स-फॉरवर्डेड-फॉर नावाचं हेडर, म्हणजे निरोपासोबतची चिठ्ठी, लागतं, आणि त्यावर विश्वास ठेव असं आतल्या सर्व्हरलाही बजावावं लागतं. मी दोन्ही विसरलो होतो. दहा मिनिटांत दुरुस्त केलं.

तोवर नानांनी त्या लाजाळू गिऱ्हाइकासाठी दोन किलोचं पाकीट फुकट बांधून ठेवलं होतं आणि माझ्याकडे पत्ता मागत होते.

पत्ता माझ्याच प्रॉक्सीचा होता. पाकीट मी घरी आणलं.