एका मताने वाचलेला दरवाजा

मावसभावाचा निरोप आला: "महमूद दरवाजापाशी आज परत तासभर अडकलो. याचे दगड नंबर घालून काढावेत आणि एखाद्या बागेत नेऊन उभे करावेत. तुमच्या जर्मनीत काय करतात रे?" छत्रपती संभाजीनगरात हा वाद मी शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे. बावन्न दरवाजांचं शहर म्हणायचं आणि उरलेल्या मोजक्या दरवाजांना वाहतुकीचा अडथळा ठरवायचं. मी राहतो लुबेकमध्ये. स्टेशनातून गावात जाताना रोज होल्स्टेनटोर हा जुन्या वेशीचा दरवाजा लागतो, तेव्हा दादाला उत्तर देणं मला भागच आहे.

हा दरवाजा १४६४ ते १४७८ या काळात हिन्रिश हेल्मस्टेडे या नगर-स्थपतीने बांधला. दगड नाही, सगळं काम विटांचं. दोन जाडजूड गोल बुरूज, मधे कमान, वर शंकूसारखी टोकदार छपरं. विटांचे थर एकाआड एक लाल आणि काळ्या झिलईचे, त्यामुळे उतरत्या उन्हात भिंतीवर पट्टे चमकतात. मला सर्वांत आवडतं ते हे की त्याला दोन वेगळे चेहरे आहेत. शत्रूकडची भिंत साडेतीन मीटर जाड आणि तिच्यात मोजक्या अरुंद जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठीच्या फटी. गावाकडची भिंत एक मीटरसुद्धा नाही आणि तिला खिडक्याच खिडक्या. बाहेरच्याला दरारा, घरच्याला उजेड.

जमीन मात्र नदीकाठची, दलदलीची. एवढं वजन तिला पेललं नाही. बुरूज खचले, दक्षिणेचा तर नजरेला कळेल इतका कलला. जंग्यांची सर्वांत खालची रांग आज जमिनीच्या खाली गेली आहे.

आणि आता दादाने नीट वाचावं ते. इथले लोक मुळात वारशाचे भक्त वगैरे नव्हते. याच रस्त्यावर एकामागे एक असे चार दरवाजे होते, त्यातला हा एकच उरला. बाहेरचा सुंदर दरवाजा १८५३ मध्ये रेल्वेसाठी पाडला. मग उरलेल्या या पडक्या, वाकड्या बांधकामाचं काय करायचं म्हणून भांडण पेटलं. पाडा म्हणणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या. १८६३ मध्ये नगरसभेत मतदान झालं आणि एका मताच्या फरकाने दरवाजा राहिला. एका मताने! त्यानंतर १८७१ पर्यंत डागडुजी झाली. त्या वेळी गावाकडच्या बाजूला सोनेरी अक्षरांत १४७७ हे साल कोरलं. खरं साल १४७८. ती चूक आजही तिथेच आहे, कुणी खोडलेली नाही.

जे दरवाजावर मतदान करू शकले त्यांनी रस्त्याचाही विचार केला. आज वाहतूक दोन्ही बाजूंनी वळून जाते, आत वस्तुसंग्रहालय आहे, पुढे हिरवळ. दादाच्या बागेतल्या दरवाजासारखंच काहीसं, फक्त दरवाजा हलला नाही, रस्ता हलला.

पण मला इथे एक उणीव जाणवते. होल्स्टेनटोरमधून जाण्याची कुणाला गरजच उरलेली नाही. लोक फोटो काढतात. आपल्याकडे अजून दप्तर पाठीला लावलेली पोरं, भाजीवाला, पाणचक्कीला निघालेली पाहुणेमंडळी दरवाजातून जातात. तो अजून दरवाजाच आहे. म्हणून मी दगड काढायच्या विरोधात आहे, आणि भोवती कुंपण घालून त्याला शोभेची वस्तू करायच्याही. अवजड वाहनांना खाम नदीवर शेजारी वेगळा पूल द्यावा. कमानीतून माणसं आणि सायकली जाऊ द्याव्यात. १६१२ मध्ये मलिक अंबरने विजयाची खूण म्हणून उभारलेला भडकल दरवाजा असो की नंतरचा मोगलांच्या काळातला एखादा, बांधणाऱ्याच्या नावावरून त्याचं आयुष्य ठरवू नये. ज्या गवंड्यांनी तो घडवला ते आपल्याच मातीतले होते.

गेल्या खेपेला मी रिक्षातून उतरून महमूद दरवाजाच्या कमानीखाली उभा राहिलो होतो. आतल्या दगडांवर ट्रकच्या हौद्याचे पांढरे ओरखडे, डोक्याइतक्या उंचीपासून वरपर्यंत. पण जास्त वाईट वाटलं ते खाली बघून. डांबरावर डांबर घालून रस्ता वर येत गेला आहे आणि कमान आपोआप बुटकी होत चालली आहे. ट्रक अडकतो तो दरवाजा लहान म्हणून नाही. लुबेकचा दरवाजा दलदलीत खचला. आपले आपण वरून पुरतो आहोत. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढला तर पहिल्या दिवसापासून फरक पडेल, आणि त्याला नवा पूल बांधण्याइतका पैसा लागत नाही.

तेव्हा दादा, पुढच्या वेळी अडकलास तर गाडी बंद कर आणि खाली उतर. कमानीच्या पायाशी बघ, डांबर कितव्या थरापर्यंत चढलंय ते. फोटो काढून मला पाठव.