रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, दोन महिन्यांनी रिपोर्ट 'नॉर्मल' आला आणि गोळी बंद. घरोघरी हे चालतं, आणि हृदयाच्या बाबतीत इतकी महागात पडणारी चूक दुसरी क्वचितच असेल. अहो, रिपोर्ट नॉर्मल आलाय तोच गोळीमुळे! ही गोळी बहुधा स्टॅटिन गटातली असते. स्टॅटिनमुळे यकृतात तयार होणारं कोलेस्टेरॉल कमी होतं, मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, खेचून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा होता तिथे. दुखत-खुपत काहीच नाही, त्यामुळे पत्ताही लागत नाही.

स्टेंट बसवलेल्यांनी तर हे करूच नये. स्टेंट म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, ती एका जागेपुरती असते. बाकीच्या रक्तवाहिन्यांतले चरबीचे थर तसेच राहतात. अशा थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. बऱ्याचदा तो थर आधी फार मोठाही नसतो. गोळी फक्त आकडा खाली आणत नाही, हे आवरण जाड आणि टिकाऊ करायलाही मदत करते.

आता तो 'नॉर्मल' शब्द. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते, तुमच्यासाठी ती वेगळी असू शकते. समजा, मधुमेह आणि बीपी असलेल्या माणसाचा रिपोर्ट असा आहे: एकूण कोलेस्टेरॉल 180, एचडीएल (म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल) 32, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 240. एकूण आकडा 200 च्या आत बघून घरचे खूश. पण 180 मधून 32 वजा करा. उरले 148. हे नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिनीत साठू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. अशा माणसाचं ते 100 च्या खाली हवं. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, तर एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. इथे ते 100 येतं आणि 'ठीक' वाटतं, पण या माणसासाठी ते 70 च्या खाली हवं. झटका येऊन गेलेला असेल तर 55 च्या खाली. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले तर हे सूत्र चालतच नाही, तेव्हा लॅबला एलडीएल थेट मोजायला सांगा.

आपल्याकडे एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त ही जोडी फार दिसते. लोक अंडं आणि तूप सोडतात, पण चहा सुटत नाही. दिवसाला सहा कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून. वर खारी, टोस्ट, आणि उपवासाला साबुदाणा. ट्रायग्लिसराइड वाढतात ते यातून, दारूतून आणि सुटलेल्या पोटातून. आणि तेलाच्या पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांना भुलू नका, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं. चार माणसांना महिन्याला दोन-अडीच लिटर तेल पुरे.

'गोळीनं अंग दुखतं' ही तक्रार खरी असू शकते, पण प्रत्येक दुखण्याचं खापर गोळीवर फोडू नका. गोळीचं दुखणं सहसा दोन्ही मांड्यांत किंवा दोन्ही खांद्यांत, सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर येतं. एकच गुडघा दुखत असेल तर कारण बहुधा दुसरं. डॉक्टर डोस कमी करून, औषध बदलून किंवा इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडून बघू शकतात. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम 6 टक्के आणखी उतरतं, इझेटिमाइबनं मात्र साधारण 20 टक्के, म्हणून जोडणं पुष्कळदा शहाणपणाचं. असा बदल केला की 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना फोन करायचा तो लघवी चहासारखी काळपट झाली तर, डोळे पिवळे दिसले तर, किंवा दिवस गेले तर. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं, तर स्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा.

वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला असेल, तर लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, बहुतांशी आनुवंशिक असलेला कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी मागावी लागते.