युद्धाच्या पेटीत काय काय असते

मेजावर मांडून खेळायच्या युद्धखेळाची मूळ पेटी हातात घेतली की तिच्या वजनावरूनच माणसाचा विश्वास बसतो. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाच्याने अशी एक पेटी मला आणून दिली आणि "मामा, आता निवृत्तीनंतर तुला वेळ कसा घालवावा हा प्रश्नच पडणार नाही," असे वर म्हणाला. पेटीच्या झाकणावर चिलखत घातलेले धिप्पाड योद्धे, मागे आगीचे लोळ आणि समोर जबडे पसरून धावत येणारे अक्राळविक्राळ प्राणी होते. झाकण काढल्यावर आत युद्ध कुठेच दिसेना. एकावर एक रचलेल्या राखाडी प्लास्टिकच्या चपट्या चौकटी, एक शब्दही नसलेली आकृत्यांची पुस्तिका, मूर्तींच्या पायाखाली लावायच्या गोल बैठकांची पिशवी, चिकटचिन्हांचा कागद आणि तळाशी जाडजूड नियमपुस्तक, एवढाच ऐवज निघाला. पेटीचे नाव मी येथे घेत नाही, कारण या खेळाचे भक्त संख्येने पुष्कळ असून त्यांच्याकडे धारदार हत्यारे असतात.

या चौकटींना जाणकार लोक स्प्रू म्हणतात. तापवून पातळ केलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने सोडतात, ते बारीक नळ्यांतून प्रत्येक खाचेपर्यंत पोहोचते आणि थंड झाल्यावर वस्तूंबरोबर त्या नळ्यांचीही चौकट होऊन बाहेर पडते. चित्रात जो सेनापती तलवार उगारून उभा असतो, तो येथे डावा पाय, उजवा पाय, छाती, पाठ, दोन खांदे, डोके आणि तलवारीसकट मूठ अशा अवस्थेत, ओळीत नव्हे तर जिथे जागा मिळाली तिथे टांगलेला असतो. प्रत्येक अवयवाशेजारी मुंगीच्या डोळ्यांना वाचता येईल असा आकडा कोरलेला असतो. पुस्तिकेतील बाण सांगतात की सदतीस क्रमांक अडतिसात बसवावा. अडतीस कोठे आहे हे चौकट उलटी धरल्यावर कळते आणि तोवर सदतीस कोठे ठेवला होता ते आठवत नाही.

अवयव कापण्यासाठी एका बाजूने सपाट असलेली विशेष पक्कड लागते आणि ती पेटीत नसते. आमच्या घरी तिची जागा नेलकटरने घेतली. नेलकटरचा दोष असा की तो कापलेली वस्तू जागच्या जागी ठेवत नाही, उडवतो. एका योद्ध्याचा बंदूकधारी हात टक् असा आवाज करून जो निघाला, तो पंख्याखालून वळला आणि दिवाणाखाली गेला. मी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथा झालो असताना सौभाग्यवतीने विचारले, "अहो, काय शोधताय?" "हात," असे खरे उत्तर दिल्यावर तिने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिले आणि काही न बोलता ती स्वयंपाकघरात गेली.

हात सापडला तरी काम संपत नाही. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे प्रत्येक तुकड्यावर केसाएवढी उंच रेघ राहते आणि ती सुरीच्या पात्याने खरवडून काढावी लागते. न काढल्यास रंग दिल्यावर सेनापतीच्या नाकावरून कपाळापर्यंत शिवण मारलेली दिसते. मग चिकटवण्याचे प्रकरण येते. काही पेट्यांतील तुकडे नुसते दाबून बसतात, पण बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा खास गोंद लागतो. हा गोंद खरे तर चिकटवत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकमेकांत मिसळून टाकतो. घरातला झटपट चिकटणारा गोंद वापरायचा म्हटले, तर तो योद्ध्याच्या हाताला खांद्याशी जोडण्यापूर्वी आपल्या अंगठ्याला तर्जनीशी जोडतो. या कामी सौभाग्यवतीचा भुवयांचा चिमटा फार उपयोगी पडतो, अशी माहिती ती घरी नसताना मिळाली.

तेव्हा पेटीत काय असते या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर काय नसते ते आधी सांगावे लागेल. पक्कड, सुरी, गोंद, कानस, ब्रश, रंग आणि रंगाखालचा प्राथमिक थर हे सारे वेगळे घ्यायचे असते. पुष्कळ पेट्यांत फासे आणि मोजपट्टीही नसते. प्राथमिक थराचा फवारा ज्वलनशील असल्यामुळे विमानातून आणता येत नाही, म्हणून भाच्याने आम्हाला तो इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून घ्यायला सांगितले. दुकानदाराने "गेटला मारायचाय का ग्रिलला?" असे विचारले. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत मारलेला फवारा प्लास्टिकवर नीट बसत नाही आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत सैन्य छावणीतच राहिले.

दिवाळीचे नाव निघाले की किल्ला आठवणारच. रस्त्याकडेच्या टोपलीतून मातीचे मावळे आणायचे, ते रंगवलेलेच असत, आणि संध्याकाळपर्यंत तटावर पहारा सुरू होई. दरवाजापेक्षा मावळा उंच असला तरी त्याबद्दल कोणी नियमपुस्तक काढून दाखवत नसे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजाचेही भाग्य तसलेच म्हणायचे. १८१२ साली राइसवित्झ नावाच्या सरदाराने फ्रेडरिक विल्यम तिसऱ्याला युद्धखेळ भेट दिला, तो चक्क कप्प्यांच्या मेजाच्या रूपात होता आणि त्यातील भूप्रदेशाचे चौकोनी तुकडे नद्या-रस्त्यांसकट रंगवून तयार होते. महाराजांना नेलकटर शोधावा लागला नाही. पुढे १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले, तेव्हाही तयार खेळण्यांतले शिपाई मांडून स्प्रिंगच्या तोफेने ते पाडायचे एवढाच मामला होता. १९८७ साली गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने वॉरहॅमर ४०,००० हा युद्धखेळ काढला तेव्हा हाती पडे ते मुख्यतः पुस्तक. त्याच खेळाच्या २०२३ मधील लेव्हायथन या पेटीत ७२ मूर्ती निघाल्या, त्याही अर्थातच सुट्या आणि बिनरंगाच्या. माणसाने प्रगती केली ती ही.

आता नियमपुस्तकाकडे वळू. पेटीतील ही एकमेव वस्तू जोडलेली आणि रंगवलेली मिळते, आणि भांडणे नेमकी तिच्यातूनच होतात. पुस्तकाचा मोठा भाग साम्राज्यांच्या कथांनी आणि चित्रांनी भरलेला असतो; नियम त्यामानाने थोडे, परंतु ते विम्याच्या पॉलिसीच्या भाषेत लिहिलेले. योद्ध्याची बैठक मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्याची चाल इंचांत. एक गोळी झाडायची तर आधी नेम लागला का यासाठी फासे टाकायचे, मग लागलेली गोळी जखम करते का यासाठी टाकायचे, आणि मग शत्रूने आपल्या चिलखताने ती अडवली का यासाठी त्याने टाकायचे. वीस योद्ध्यांनी एकदम गोळीबार केला की सापशिडीचे, ल्यूडोचे आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले सगळे फासे ओंजळीत मावत नाहीत. एखादा फासा पुस्तकाला टेकून तिरका राहिला तर तो पुन्हा टाकावा असा शिष्टसंकेत आहे, पण किती अंशांपासून तिरका म्हणायचे यावर मामा-भाच्याचे नाते ताणले जाते.

सर्वांत कठीण नियम दृष्टिरेषेचा. आपल्या योद्ध्याला शत्रू दिसतो की नाही हे ठरवण्यासाठी डोळा योद्ध्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणून पाहायचे असते. भाचा नुसता वाकतो. मला आधी चष्मा काढावा लागतो, मग खुर्चीचा आधार घेऊन गुडघे टेकावे लागतात, आणि भिंतीआडून शत्रूच्या शिरस्त्राणाचे टोक दिसले असे जाहीर केल्यावर वर उठण्यासाठी त्याच शत्रूच्या सेनापतीकडून हात मागावा लागतो. शिंप्याच्या टेपने मोजल्यावर अंतर बंदुकीच्या टप्प्याबाहेर अर्धा इंच निघते.

लढाई आटोपल्यावर रिकाम्या चौकटींचा ढीग उरला. त्या मी सफाईवाल्या काकांकडे देणार, एवढ्यात भाच्याने ओरडून थांबवले. त्या बारीक कापून गोंदाच्या बाटलीत टाकल्या की विरघळून लुकण तयार होते आणि सांध्यांतल्या फटी त्याने बुजवता येतात, म्हणून जाणकार कोणी त्या टाकत नाहीत, असे त्याने समजावले. आमच्या माळ्यावर जुने मिक्सर, वायरी आणि तीन पिढ्यांचे डबे याच तत्त्वावर टिकून आहेत. सौभाग्यवतीने प्रथमच या खेळात रस दाखवून स्टूल धरले, आणि चौकटी वर गेल्या.