जपानमधला जुना फ्लॅट आणि १० टक्के रिटर्नचा मेसेज

"जपानमध्ये ५० लाख येनला शहरात फ्लॅट मिळतो, वर्षाला १० टक्के भाडं सुटतं, बिल्डिंग जुनी झाली की रिडेव्हलपमेंट, वर व्हिसा पण." हा मेसेज मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं खरंच पैसे लावायला निघालेत म्हणून लिहितोय.

व्हिसाचं आधी संपवतो. घर घेतल्याने तिथे व्हिसा मिळत नाही. फ्लॅट परदेशी माणसाच्या नावावर होतो, तेवढंच खरं.

आता १० टक्के. जाहिरातीत जो आकडा असतो त्याला तिथे ह्योमेन रिमावारी म्हणतात, म्हणजे वर्षाचं भाडं भागिले किंमत, बस, खर्च काहीच धरलेला नाही. समजा महिना ४० हजार येन भाडं, वर्षाचे ४ लाख ८० हजार, झाले ९.६ टक्के. पण मेंटेनन्स आणि दुरुस्ती फंड मिळून महिन्याला १८ हजार धरा, एजंटला २ हजार, म्हणजे निम्मे इथेच गेले, उरले २ लाख ४०. मग प्रॉपर्टी टॅक्स, दोन भाडेकरूंच्या मधे फ्लॅट रिकामा, एसी बदला, गीझर बदला. चार टक्के राहिले तरी नशीब समजा, आणि इन्कम टॅक्स अजून धरलाच नाहीये. शिवाय भाडं येनमध्ये येतं. २०१२ ला डॉलरला ८० च्या आसपास येन होते, २०२४ ला १६० वर गेले, म्हणजे डॉलरच्या हिशोबात येन निम्म्यावर आला.

रिडेव्हलपमेंटवर तर आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात, कारण डोक्यात मुंबई-पुणे असतं, बिल्डर येणार, फुकट मोठा फ्लॅट देणार, वर काम होईपर्यंतचं भाडं आणि कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसे. तिथे असं सहसा होत नाही हो! जास्तीचा एफएसआय, म्हणजे वाढीव बांधकामाची परवानगी, विकून खर्च निघेल अशा जागा मोजक्याच, त्यामुळे मालकांना स्वतःच्या खिशातून मोठी रक्कम घालावी लागते. आपल्याकडे ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर काम होतं, तिथे नियम पाचातल्या चारांच्या मताचा, आता कायदा बदलून ठरावीक बाबतीत चारातल्या तीनांवर आणलाय. पण म्हातारे पेन्शनर मालक पैसे आणणार कुठून, म्हणून अख्ख्या जपानात आजवर अशा बिल्डिंगा शेकड्यांतच पुन्हा बांधल्या गेल्यात.

"१९८१ नंतरची घ्या, भूकंपाला पक्की" हेही अर्धवट आहे. नवा नियम १ जून १९८१ पासूनच्या बांधकाम परवानगीला लागू, बिल्डिंग पूर्ण झाली त्या तारखेला नाही. १९८२ ला पूर्ण झालेली बिल्डिंग जुन्या नियमाची असू शकते, म्हणून परवानगीची तारीखच विचारा.

आणि घ्यायचाच असेल तर फ्लॅटचे फोटो बाजूला ठेवा, सोसायटीचा हिशोब मागवा. दुरुस्ती फंडात किती शिल्लक, हप्ता कधी वाढणार, मोठी दुरुस्ती शेवटची कधी झाली. आधीच्या मालकाने मेंटेनन्स थकवला असेल तर कायद्याने तो नव्या मालकाकडून वसूल करता येतो, म्हणून थकबाकी किती ते सही करायच्या आधी लेखी घ्या.